चौथी बाजू

आमच्या मालगाडीला एकदा इतके डबे जोडले होते की इंजिनात संध्याकाळ झाली तरी शेवटच्या डब्यात, म्हणजे माझ्या डब्यात, अजून दुपारच होती. ड्रायव्हर दिवे लावा म्हणून शिट्ट्या मारून दमला आणि मी उन्हात पाय पसरून बसलेलो. ही गोष्ट मी माझ्या मुलाला सांगितली तेव्हा तो एवढासा होता. तोंडातला घास गालात सरकवून त्यानं विचारलं, "खरं, बाबा?"

"हात लावून बघ," मी म्हटलं.

आमच्या घरचा कायदाच होता तो. ज्याला हात लावता येईल ती गोष्ट खरी, बाकीच्या झोप येईपुरत्या. त्यात माझा फार दोष नव्हता. मालगाडीचा गार्ड म्हणजे गाडीच्या शेपटाला बांधलेला माणूस. बोलायला कोणी नाही, पुढचं काही दिसत नाही, मागे रूळ लांब होत जातात तेवढे बघायचे. अशा माणसानं घरी येऊन खरं सांगायचं ठरवलं तर 'रूळ होते' एवढ्यात जेवण उरकेल. तेव्हा मी थापा मारायला लागलो. एक थाप मात्र दोनदा मारायची नाही, हा माझा स्वतःचा कायदा. शिळं वाढणं मला जमलं नाही.

मुलगा हात लावत लावत मोठा झाला आणि विम्याचा सर्व्हेयर झाला. कुणाचं गोदाम जळालं, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं की हा जातो, भिंतीवरून बोट फिरवतो, काजळी नाकाशी धरतो आणि नुकसान खरं की बनाव ते सांगतो. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं त्याचे साहेब म्हणतात. नसणारच. शिक्षण कुणाच्या घरी झालं? तो राहतो दुसऱ्या शहरात, बसनं गेलं तर अर्धा दिवस मोडतो. दर रविवारी फोन करतो. "काय नवीन?" विचारतो, मी काहीतरी सांगतो, तो "हं, हं" करत ऐकतो, मागे त्याची मुलगी काहीतरी आपटते, आणि मग "बरं बाबा, ठेवतो."

आता बांबूचं. बायकोनं एकदा रोपवाटिकेतून कुंडीतला बांबू आणला. तिथल्या माळ्यानं तिला बजावलं होतं, "हा एका जागी बेट करून राहणाऱ्यातला नाही. हा जमिनीखालून पळणाऱ्यातला. कुंडीतच ठेवा." ती होती तोवर तो कुंडीत राहिला. तिच्यापुढे मीही कुंडीतच होतो म्हणा. ती गेली आणि घराचा आवाजच गेला. भांडं पडलं तर ते मीच पाडलेलं असायचं. एके दिवशी वाऱ्यावर कुंडीतली पानं सळसळली आणि पलीकडच्या खोलीत कोणी चादर झटकतंय असं वाटलं. मी उठून बघायलाही गेलो. त्याच दुपारी कुंडी फोडली आणि बांबू मागच्या अंगणात जमिनीत लावला. म्हटलं, आवाज जरा मोठा होऊ दे.

आधी बरेच दिवस तो मुखदुर्बळ पाहुण्यासारखा गप्प बसला. मग ओसरी दिली म्हटल्यावर हातपाय पसरू लागला. मी सकाळी एका कोंबावर सदरा वाळत घातला तर संध्याकाळी काढायला शिडी आणावी लागली, आणि एक बाही ढगात भिजलेली. ही थाप आहे. पण शेजारच्या अंगणात, कपडे धुण्याच्या दगडाला लागून, त्याचे कोंब निघाले हे अगदी खरं आहे.

शेजारी कंडक्टरबाई राहतात. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, आता निवृत्त. आवाज अजून भरल्या बसमधलाच. आमच्या दोघांमध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर कोपर टेकून त्या म्हणाल्या, "गार्डसाहेब, तुमचा विनातिकीट प्रवासी माझ्या अंगणात उतरलाय."

"बसनं गेला असता तर पोचलाच नसता," मी म्हटलं.

"मालगाडीचा आहे म्हणून तर न सांगता येतो. उतरवून घ्या. उद्या माझ्या न्हाणीघरात शिरला तर मी साखळी ओढायची कुणाची?"

त्या दर आठवड्याला नवीन कोंबाची तक्रार घेऊन यायच्या आणि तक्रारीपेक्षा जरा जास्त वेळ थांबायच्या. मी कोंब मोडायचो. कोवळा असतो तोवर लाथेनं तुटतो, काकडीसारखा. पण वरचा मोडून उपयोग नसतो. खाली बोटभर जाडीचं मूळ धावतच असतं आणि पेरापेरातून पुन्हा डोकं काढतं. शेवटी मी माळ्याला विचारून आलो. तो म्हणाला, चर खणायचा, मांडीपर्यंत खोल. त्यात जाड प्लास्टिकचा पत्रा उभा बसवायचा. वरचा काठ जमिनीवर चार बोटं राहू द्यायचा, कारण अडलेलं मूळ वर चढतं आणि काठावरून पलीकडे उडी मारतं. काठ उघडा असला की ते दिसतं आणि छाटता येतं. "आणि चारही बाजूंनी घाला," तो म्हणाला.

मी तीन बाजूंनी घातला. कंडक्टरबाईंच्या भिंतीकडे, मागच्या गल्लीकडे आणि फाटकाकडे. चौथ्या बाजूला माझं घरच होतं. एवढा दगडी पाया, वर फरशी, वर मी. याच्याखालून कोण जातंय? गार्डाची नजर ही. मागे काय राहिलं ते बरोबर दिसतं.

फरशी पहिल्यांदा हलली ती मुलाच्या खोलीत. तो गेल्यापासून ती खोली आहे तशी आहे: पलंग, शाळेचं टेबल, भिंतीवर त्यानं चिकटवलेला नकाशा. मी आठवड्यातून एकदा झाडू मारतो. त्या दिवशी झाडू पलंगाच्या पायथ्याशी अडला. एक फरशी एका कोपऱ्यावर उचललेली, जणू खालून कोणी डोकावून बघतंय घरात कोण आहे. मी ती पुन्हा बसवली. काही दिवसांनी ती बाजूला सरकली होती आणि फटीतून पिवळट, टोकदार कोंब वर आला होता. खोलीत ऊन नव्हतं म्हणून रंग फिका, आजारातून उठलेल्या माणसासारखा.

लाथ मारायला पाय उचलला. मग खाली ठेवला. आज रविवार आहे हे आठवलं.

"काय नवीन?" मुलानं विचारलं.

"तुझ्या खोलीत बांबू उगवलाय. पलंगाशेजारी. फरशी फोडून."

"हं, हं," तो म्हणाला. "आणि त्यावर पोपट बसलाय."

"पोपट नाही. नुसता बांबू. येऊन बघ."

"बघू. सध्या पुराच्या दाव्यांचं काम आहे बाबा, श्वास घ्यायला वेळ नाही."

आयुष्यात एकदा खरी बातमी हाताशी आली आणि ती घ्यायला गिऱ्हाईक नाही. मी ठरवलं, त्यानं येऊन हात लावेपर्यंत कोंब तोडायचा नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण काकण इकडे आणि डोळे तिकडे, त्याला काय करणार.

कोंब वाढत होता. पलंगाच्या उंचीला आला, मग टेबलाच्या. खिडकीकडे कलला. मी दर रविवारी सांगत होतो, दर वेळी तेच: बांबू आहे, एवढा झालाय, ये. कंडक्टरबाईंना एकदा आत नेऊन दाखवला. त्या दारातच थबकल्या.

"अहो, हा तर घरात राहायला आलाय. तोडत का नाही?"

"पोराला दाखवायचाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोंबाकडे बघितलं, आणि एवढा मोठा आवाज असलेली बाई हळू म्हणाली, "सरका जरा. फोटो काढते." त्यांच्या फोनवरून तो मुलाला गेला. त्याचा लगेच फोन आला. "बाबा, बादलीत उभा केलाय ना? बादली पलंगाआड. कंडक्टरमावशींनाही सामील केलंत." मी म्हटलं, बादली नाही. तो म्हणाला, "फोटोवर दावा मंजूर होत नाही, तुम्हाला माहीतच आहे." हसत म्हणाला, पण त्या हसण्यात काहीतरी मध्येच तुटलं.

त्यापुढच्या रविवारी मी तेच सांगितलं तेव्हा तो हसला नाही. "हं"ही म्हणाला नाही. म्हणाला, "बाबा, मी शनिवारी येतो."

सगळा आठवडा मी घर झाडत होतो. त्याच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. कोंब तोवर माझ्या डोक्याच्या वर गेला होता. त्याच्या अंगावरून सुटलेली सालपटं गोळा केली, पाहुणा येणार म्हणून एखाद्या नाठाळ पोराला नीट करावं तसं. खोलीचं दार लावून घेतलं. म्हटलं, चहा होऊ दे, बोलणं होऊ दे, मग दार उघडू. नाटकाचा पडदा काय घंटा व्हायच्या आधी उघडतात?

तो आला. कानापाशी केस पांढरे झाले होते, ते फोनवर दिसत नव्हते. चहा घेतला. आणि खोलीकडे न जाता माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"बाबा, आज वार कोणता?"

"शनिवार. तूच म्हणालास शनिवारी येतो."

"काल दुपारी काय जेवलात?"

मी सांगितलं. तो मान हलवत होता. मग म्हणाला, "मी सहज काही आकडे सांगतो, ते उलटे म्हणून दाखवा." माझ्या लक्षात आलं. माझा सर्व्हे चालला होता. काजळी खरी की लावलेली, ते बोट फिरवून बघणं चाललं होतं.

"काय झालंय तुला?" मी विचारलं.

त्यानं कप बशीत फिरवला. "तुम्ही मला आयुष्यात हजार थापा मारल्या असतील. पण एक थाप दोनदा कधीच नाही. ही एकच गोष्ट तुम्ही किती रविवार सांगताय. तोच बांबू, तीच फरशी. मी हिला म्हटलं, हे बाबा नाहीत. काहीतरी बिघडलंय."

माझ्या खरेपणाचा पुरावाच त्याच्या हिशेबी आजाराचा पुरावा झाला होता.

"सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय," तो पुढे म्हणाला, "तिकडच्या. घाबरायचं काही नाही. हिनं छोटी खोली रिकामी केलीय. तिथं ऊन येतं. चिमणीनं तर तुमच्या उशीवर तिचं अस्वल नेऊन ठेवलंय. म्हणाली, आजोबा येईपर्यंत हे जागा धरेल." मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि बाबा, बांबू नसला तरी चालेल. मी रागावलेलो नाही."

इतक्या मऊ आवाजात तो माझ्याशी कधी बोलला होता ते मला आठवेना. चिमणी म्हणजे माझी नात. तिला मी थाप मारलीच नव्हती अजून धड एक. फोनवर तिला थांबायला वेळ नसतो. तिकडे उन्हाची खोली होती, अस्वल जागा धरून बसलं होतं, आणि भिंतीपलीकडे तीन माणसं आपटत-धोपटत वावरणार होती. त्यासाठी मला काहीही करायचं नव्हतं. फक्त एक दार उघडायचं नव्हतं. वार चुकीचा सांगायचा, आकडे गोंधळायचे. जन्मभर थापा मारलेल्या माणसाला हे काय अवघड? पडत्या फळाची आज्ञा समोर होती.

मी तोंड उघडलंही. मनात ठरवलं होतं, म्हणायचं, 'कसला बांबू रे?'

तेवढ्यात तो म्हणाला, "खरं सांगा, बाबा. तुम्हाला तो दिसतो का?" आणि माझा गुडघा त्यानं घट्ट धरून ठेवला. जळकी गोदामं चाचपणारा हात. लहानपणी मी आगीच्या, वाघांच्या गोष्टी सांगितल्या तरी हे पोरगं कधी घाबरलं नव्हतं, कारण शेवटी हात लावायला काही नाही हे त्याला ठाऊक असायचं. आता त्याला खरोखर भीती वाटत होती, आणि ती मी घातली होती.

"हात लावून बघ," मी म्हटलं आणि दार उघडलं.

तो उंबऱ्यावर उभा राहिला. मग सर्व्हेयर जागा झाला. खाली बसून त्यानं फरशीची फट तपासली, कडेची माती चिमटीत घेतली, नखानं पेर दाबून पाहिलं. पलंगाखाली वाकून बादली शोधली. आणि शेवटी कोंबाला सबंध तळहात लावला, घोड्याच्या मानेला लावतात तसा.

"आहे की," तो म्हणाला. मग पलंगावर बसून तो हसायला लागला. डोळे पुसत हसत होता. "अहो, खरंच आहे की."

लगेच त्यानं बायकोला फोन लावला. "अगं, आहे. मी हात लावला. ठणठणीत आहेत. हो, खरंच बांबू. ... नाही, मग कशाला? ... हो, डॉक्टरांना कळव नको म्हणून." ती पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. छोट्या खोलीचा विषय त्यानंतर निघाला नाही. तो वाईट मनाचा नाही. त्याचं ओझं उतरलं होतं, आणि ओझं उतरल्यावर हमाल काही गाडीपाशी रेंगाळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून चौथी बाजू खणली. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. घराच्या पायाला लागून चर घेतला तेव्हा आत शिरणारी मुळं हाती लागली. एक तर इतकं लांब निघालं की आम्ही दोघं दोन टोकांना धरून ओढत होतो, रस्सीखेच खेळावी तशी. ती खटाखट तोडली. पत्रा उभा केला, पहिल्या तीन बाजूंच्या पत्र्यावर वीतभर चढवून पट्टीनं आवळला, म्हणजे फटीतूनही वाट नको. काठ चार बोटं वर.

भिंतीवरून कंडक्टरबाई बघत होत्या. "आता कुठं गाडी यार्डात लागली," त्या म्हणाल्या.

"मावशी, लक्ष ठेवा," मुलगा म्हणाला.

"बांबूवर ना?" त्यांनी विचारलं. तो नुसता हसला.

खोलीतला बांबू त्यानंच करवतीनं फरशीलगत कापला, आतलं मूळ उकरून काढलं, खड्डा भरला आणि फरशी सिमेंटनं बसवली. काम चोख. आता तिथं बोट फिरवलं तरी सांगता येणार नाही. जाताना त्यानं बांबूचा एक तुकडा पिशवीत घातला, चिमणीला हात लावायला.

मी बसथांब्यावर गेलो. जन्मभर मी गाडीच्या शेवटच्या डब्यात असायचो आणि फलाट मागे पडायचा. फलाटाच्या जागी उभं राहून गाडी जाताना बघण्याची मला सवय नाही. बस हलली तेव्हा हात आपोआप हिरवं निशाण दाखवायला वर गेला. तो खिडकीतून निरोपाचा हात हलवत राहिला.

बांबू तेव्हापासून शहाण्यासारखा वागतोय. मी दर आठवड्याला काठाकाठानं फिरतो, एखादं मूळ पत्र्यावर चढताना दिसलं की छाटतो. कंडक्टरबाईंच्या अंगणात कोंब निघत नाही. पहिल्या आठवड्यात त्या भिंतीपाशी आल्या, "तुमचा प्रवासी सुधारला हो," म्हणाल्या, जरा थांबल्या, तक्रार काही सापडली नाही, आणि आत गेल्या. हल्ली कपडे वाळत घालताना दिसतात. वारा सुटला की पलीकडच्या खोलीत कोणी चादर झटकतंय असं वाटतं. मी उठत नाही.

परवा रविवारी फोन आला.

"बांबू काय म्हणतो?"

"जागच्या जागी आहे."

"आमचं काम बघितलंत ना. आणि काय नवीन?"

मी आजूबाजूला बघितलं. त्याच्या खोलीचं दार उघडं होतं, पलंग, टेबल, नकाशा, सपाट फरशी. काही एक सुचलं नाही. तीन डबे जोडायचे म्हटले तरी इंजिन हलेना.

"काही नाही," मी म्हटलं.

तिकडे चिमणीचं आपटणं चालू होतं. तो तिला काहीतरी म्हणाला आणि आवाज थांबला. 'बरं बाबा, ठेवतो' येईल म्हणून मी वाट बघत होतो.

"खरं, बाबा?" त्यानं विचारलं.

"हात लावून बघ," मी म्हटलं.